जित्याला मोजायचं नाही

घाटघर, ९ डिसेंबर २००४

गोकुळ,

"तू फक्त लिही आक्का, झाडाचं नाव इचारू नको."

हे तू म्हणालास त्याला येत्या संक्रांतीला चार वर्षं होतील. उंबऱ्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होतास. खाकी पँटीला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटली होती. मी चुलीपुढून उठून तुझ्यासमोर कागद घेऊन बसले. पुढचं आज लिहीत नाही. वाक्य आठवलं, कारण काल जुन्नरच्या कोर्टात सरकारी वकिलांनी मामाला जवळजवळ तेच विचारलं. झाडावर कुऱ्हाड घालण्याआधी ते कुणाचं आहे, हे विचारलं नाही का? मामा म्हणाला, "सायब, आमी कुराड चालवनारी मानसं. शिक्का बगतो. नाव न्हाई इचारत."

सगळे हसले. मामाही हसला, आपण काहीतरी बरोबर बोललो असं वाटून.

तुझी बदली चंद्रपूरकडे झाल्यापासून हे माझं चौथं पत्र. पहिल्या तिन्हींचं उत्तर आलं नाही. सोपान पोस्टमन आता घराकडे वळतही नाही, लांबूनच हात हलवतो.

तुला सगळं माहीत आहे, तरी एकदा सरळ लिहून काढते. लिहिल्याशिवाय मला काही नीट दिसत नाही. भैरोबाच्या मागच्या उतारावर हद्दीचा दगडी बुरूज आहे. त्याच्या खाली डिंगोऱ्याच्या माणसाने घेतलेलं मालकीचं रान, वर सरकारी जंगल. ओतूरच्या एका वखारवाल्याने मालकीच्या रानातली झाडं तोडायचा परवाना काढला, मामाला मुकादम धरलं. तोड झाली, ट्रक गेले, आणि मालकाने ट्रॅक्टर फिरवून खालचं रान साफ केलं. वर्षभराने तपासणीची माणसं आली. त्यांना बुरुजाच्या वर, सरकारी जंगलात, एकशे अठरा खुंट सापडले. जवळजवळ सगळे हिरड्याचे. पंचनाम्यात लिहिलं, 'खुंटांवर शिक्का आढळला नाही.' परवानगीच्या झाडाच्या बुडाला गार्ड हातोड्याने शिक्का मारतो; शिक्का नाही म्हणजे चोरटी तोड. मामावर केस झाली, कुऱ्हाड जप्त झाली.

मामा पहिल्यापासून एकच सांगतो. प्रत्येक झाडाच्या बुडाला गार्डाच्या हातोड्याचा शिक्का होता. आणि गार्डाचा जबाब असा, की बुरुजाच्या वर मी पाऊलही ठेवलं नाही.

काल न्यायाधीशांनी मामाला स्पष्ट विचारलं, शिक्का मारताना गार्डाला तू तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस का?

मामा म्हणाला, "मी पाठमोरा व्हतो."

त्याने तुझं नाव घेतलं नाही, गोकुळ. तीन वर्षांत एकदाही नाही. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि मी चौदाची. मामाने तुला खांद्यावर बसवून या घरात आणलं. पुढे मी सासरहून परत आले तीही याच घरात. सत्तरीच्या माणसाला आपले सुदर्शन वकील बाहेर आल्यावर म्हणाले, "मामा, असं पाठमोरं राहिलात तर तुरुंगात जाल." मामाने टोपी काढून झटकली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली.

शेवटची तारीख सतरा फेब्रुवारी आहे. त्या दिवशी जे दाखवायचं ते दाखवा, मग निकाल, असं वकील म्हणाले.

तुला थंडी बाधते. मफलर नेला होतास का?

आक्का


घाटघर, २७ डिसेंबर २००४

गोकुळ,

मागच्या पत्रात एक सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे मला सांगवलं नाही. त्या दिवशी कोर्टात आमची वहीच आमच्या अंगावर आली.

तू गेल्यानंतर गावात वनसमिती झाली. आंबेगावकडच्या एका संस्थेतून हर्षाली नावाची मुलगी येते, घोडेगावहून एसटी बदलत. पहिल्या बैठकीत तिने बायांना सांगितलं, की जगात ठिकठिकाणी लोक आता हेच करायला लागलेत. कुठल्या जंगलातलं लाकूड कुठल्या ट्रकने कुठे गेलं, ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहून ठेवायचं. ब्राझील म्हणून देश आहे, तिथे आकाशातून फोटो काढतात, झाडं पडली की कळतं.

मामी लगेच म्हणाली, "वरनं बगत्यात व्हय? मग शिक्का बगून कुराड घालताना आमचं म्हातारं कसं न्हाई दिसलं त्यांना?"

हर्षाली हसली नाही. म्हणाली, "म्हणून तर खालून बघणारी माणसं पाहिजेत, मामी."

मामीला ते पटलं. तिला पटलं की गावाला पटतं, हे तुला सांगायला नको.

शाळेच्या भिंतीवर आम्ही काळा चौकोन रंगवला. गावातून लाकडाचा ट्रक गेला की त्याचा नंबर, पासाचा नंबर, तारीख तिथे लिहायची. वर्षातून एकदा जंगलातले खुंट मोजून तेही लिहायचे, आणि वहीत उतरवायचे. पहिल्याच महिन्यात कुणीतरी फळ्यावर शेण फासलं. आम्ही धुऊन पुन्हा लिहिलं. पुन्हा फासलं, पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा लंकाबाईने रस्त्यात उभं राहून ओरडून सांगितलं, "शेन फुकट घालवू नका रं, घरी सारवायला आनून द्या!" त्यानंतर थांबलं.

माझं अक्षर चांगलं, म्हणून फळा आणि वही माझ्याकडे. अक्षराबद्दल तुझंही तेच म्हणणं होतं.

मोजणीची आमची रीत तुला आवडली असती. निम्म्या बायांना आकडे येत नाहीत. मग मामीने काढलेली युक्ती अशी, की निघताना प्रत्येकीने ओच्यात वाळलेले हिरडे घ्यायचे. ओळीने चढायचं, आणि खुंट दिसला की एक हिरडा मधल्या पिशवीत टाकायचा. शेवटी पिशवी ओतायची आणि मी मोजायचं. भैरोबामागच्या उताराचे एकाहत्तर भरले. मी स्वतः मोजले, दोनदा.

सुदर्शन वकिलांनी ती वही कोर्टात दिली. त्यांना वाटलं, जे गाव आपल्या जंगलातला एकेक खुंट भिंतीवर लिहितं, त्या गावचा माणूस चोर कसा, हे दिसेल. सरकारी वकिलांनी दोन कागद शेजारीशेजारी धरले. पंचनाम्यात एकशे अठरा, वहीत एकाहत्तर. म्हणाले, "सत्तेचाळीस खुंट या गावाने गिळले. ही वही चोराला झाकायला लिहिली आहे."

वहीखाली माझी सही आहे. मोहिनी, अंगणवाडी सेविका. हर्षाली पुढच्या बाकावर बसली होती, तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

येताना आपट्याळ्याला गाडी थांबली तेव्हा मामी एवढंच म्हणाली, "आमी आंदळ्या हाव का गं?"

तू जंगलखात्याचा माणूस. असा फरक कशाने पडतो, एवढं तरी कळव. दुसरं काही लिहू नकोस.

आक्का


घाटघर, ११ जानेवारी २००५

गोकुळ,

फरक कशाने पडला ते मला कळलं. आधी माझी कबुली.

मागच्या पत्रात लिहिलं, मी स्वतः मोजले. मी हिरडे मोजले. खुंट मोजले नाहीत. मोजणीच्या दिवशी मी वर चढलेच नव्हते. भैरोबाच्या ओट्यावर वही मांडीवर घेऊन बसून होते. गुडघा दुखतो असं बायांना सांगितलं. गुडघा दुखतोच, पण तेवढा नाही. त्या उतारावर मी चार वर्षांत पाय ठेवला नव्हता. मला ते खुंट बघायचे नव्हते. का, ते तुला कळतं. लिहायची वेळ आली की लिहीन.

काल गेले. मामी आणि लंकाबाई बरोबर होत्या. वाटेत मामी तावातावाने एकेक दाखवत होती. "ह्यो मोजला. ह्यो मोजला. त्यो दगडापल्याडचा मोजला." बरोबर होतं सगळं. वाळून पांढरे पडलेले खुंट, काहींना वाळवी लागलेली. बुडाशी साल तासून काढल्याच्या खुणा अजून दिसतात.

मग एका झुडपाशी पोचलो. जवळ गेले तर ते झुडूप नव्हतं. तोडलेल्या हिरड्याच्या बुडातून पाचसहा फुटवे निघालेले, माझ्या डोक्यापेक्षा उंच, दाट पानांचे. आत खुंट होता. मामी त्याला वळसा घालून पुढे निघाली.

"आणि हा?" मी विचारलं.

"ह्यो न्हाई."

"का नाही? तोडलेलाच आहे ना?"

"तोडल्याला हाय. पन फुटलाय न्हवं? जिता हाय त्यो. जित्याला खुंट म्हनत्यात व्हय?"

मी म्हटलं, "अगं मामी, तोडलेली सगळी मोजायची होती."

"तू म्हनलीस, मेल्याली झाडं मोजा. मेल्याली मोजली. जित्याला मेल्यात मोजायचं न्हाई, पाप लागतं."

लंकाबाई मागून म्हणाली, "आक्का, तुमी बी सासरहून तुटूनच आलाव. तुमाला मोजलं का आमी मेल्यात?"

मी खाली बसले आणि हसत सुटले. मग रडायला लागले. दोघी घाबरल्या, पाणी शोधायला लागल्या.

पुन्हा सगळा उतार फिरलो. फुटवा आलेले शेहेचाळीस निघाले. सत्तेचाळिसावा करवंदीच्या जाळीत होता, तो मामीनेच दाखवला. तिचाच हिरडा तो, तिच्या सासूने तिला लग्नात नेमून दिलेला, दोन फांट्यांचा.

आज सकाळी अंगणवाडीतून लवकर निघून ओतूरला सुदर्शन वकिलांकडे गेले. त्यांना सांगताना मला उगाच आनंद झाला होता. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ताई, मला पटतं. माझी आजीही असंच बोलायची. पण कोर्ट म्हणणार, कमी पडले तेवढे आता झुडपात सापडले. ही गोष्ट झाली. मला वस्तू हवी. शिक्का दाखवा, एक तरी. शिक्का दिसला तर मी जागेची पाहणी मागतो, आणि मामा सुटतील."

मी म्हटलं, शिक्के तर कुणीतरी तासून टाकलेत.

"मग अवघड आहे," ते म्हणाले.

'कुणीतरी' हा शब्द बोलताना मी त्यांच्या टेबलावरच्या पेल्याकडे बघत होते.

आक्का


घाटघर, १९ जानेवारी २००५

सोपानने काल माझं सत्तावीस डिसेंबरचं पत्र परत आणून दिलं. वर लाल शाईत 'घेण्यास नकार'. त्याला वाईट वाटलं. म्हणाला, "आक्का, साहेब मान्सं बिझी असत्यात."

पाकीट तू उघडलं होतंस. कडेला भाताचं शीत लावून पुन्हा चिकटवलंस, ते वाळून कडक झालंय. लहानपणी पतंग असाच चिकटवायचास. तू वाचलंस, गोकुळ. नंतर नकार दिलास. मला तेवढंही पुरलं, मी ते पाकीट उशाशी ठेवून झोपले.

आता हे वाच.

परवा मामी एकटीच तिच्या दुफांट्या हिरड्याकडे गेली होती. आता तो मोजायचाच आहे तर नीट साफ करू, म्हणून तिने फुटवे हाताने बाजूला केले, बुडातला पाला काढला आणि विळ्याच्या टोकाने माती खरवडली. मग हाक मारत खाली आली. मी गेले. फुटव्यांच्या मागे, मुळाच्या वर, वीतभर जागा साल काढून सपाट केलेली. चारी बाजूंनी नवी साल आवळत आलीय, पण मध्ये स्वच्छ दिसतो. गोल, आणि गोलात अकरा.

नोकरी लागली तेव्हा तो हातोडा तू मला दाखवायला आणला होतास. म्हणालास, "बघ आक्का, अकरा. दोन पोरं शेजारी हुबी हायत. तू नि मी."

आम्ही आणखी चार फुटलेल्या खुंटांखाली पाहिलं. चारांवरही अकरा. तपासणीवाल्यांनी खुंट मोजले, पण पाल्याखाली वाकून पाहिलं नसणार.

मामा मागून कधी आला कळलं नाही. काठी टाकून तो त्या हिरड्यापाशी बसला. शिक्क्यावर बोट फिरवलं, आणि मग सबंध पंजा त्यावर ठेवला.

"झाक त्ये," म्हणाला.

"का म्हनून झाकू?" मामी ओरडली. "तीन वर्सं बोंबलतुया शिक्का व्हता, शिक्का व्हता. ह्यो गावला, तर झाक?"

"पोरगं नोकरीला लागल्यालं हाय."

"आन तुमी तुरुंगात लागा! तितं बी मुकादमीच करा!"

"अंबे, त्याला मी खांद्यावर आनला हाय."

"मग मी काय पायाखाली आनला व्हता? मी बी भरवला त्याला. म्हनून सांगते, त्यानं यावं आन म्हनावं, मी मारला." असं म्हणून ती माझ्याकडे वळली. "तू बोल की गं. तुजी बी जीब तासली का कुनी?"

मामाने माती ओढून शिक्का झाकला, वर पाला पसरला. उठताना त्याला दम लागला. मी हात दिला तो त्याने घेतला नाही.

सुदर्शन वकिलांना मी अजून काही सांगितलेलं नाही. दोन दिवस अंगणवाडीत पोरांना आकडे म्हणायला लावते, आणि दहावरच थांबवते.

आक्का


घाटघर, २ फेब्रुवारी २००५

गोकुळ,

हे शेवटचं. यात काही लपवणार नाही.

त्या दिवशी उंबऱ्यावर तू मला परवान्यासाठी तोडायच्या झाडांची यादी सांगितलीस आणि मी लिहिली. तुझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, साहेब रागावतात, म्हणालास. खिशातली छोटी वही उघडून तू आकडा वाचायचास, मग घेर, मग म्हणायचास, "आडजात." सागवान नाही, किमती नाही, कुठल्याही फालतू झाडाला कागदात म्हणतात तो शब्द. मी तो इतक्या वेळा लिहिला की हात आपोआप वळायला लागला. मालकीच्या त्या रानात बेचाळीस झाडं होती. मी तिथे लहानपणी शेळ्या चारल्या आहेत. यादी एकशे साठवर गेली.

मधेच एकदा तू चुकून वहीतलं जसंच्या तसं वाचलंस, "मामीचा दुफांट्या." आणि थांबलास. खिशातल्या वहीत तू झाडांची घरातली नावं लिहिली होतीस. तुला दुसरी नावं येतच नव्हती. मी पेन उचललं आणि म्हटलं, "हा तर बुरुजाच्या वरचा. हिरडा आहे हा." हिरडा कायद्याने राखलेल्या झाडांत येतो, तसं लिहिलं असतं तर परवाना तिथेच अडकला असता, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. पण काहीतरी वाईट चाललंय, एवढं नक्की माहीत होतं. तेव्हा तू ते वाक्य बोललास. मी मामीच्या हिरड्यापुढे लिहिलं, आडजात.

तुला कुणी भाग पाडलं असेल. वखारवाला दोनदा आला होता, आणि तुझ्या साहेबांची जीप. तू तेव्हा जेवत नव्हतास. मी विचारलं नाही. न विचारण्याची मला सवय आहे, सासरीही मी तेच केलं.

दुसरी गोष्ट. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात, मार्गशीर्षात, तू आलास आणि आपल्या घरातला लाकूड तासायचा वाकस मागितलास. नांगराला खुंटी बसवायची आहे, म्हणालास. मामाचा नांगर तेव्हा माळ्यावर होता. मी वाकस दिला. दोन दिवस तू उतारावर होतास. परत आलास तेव्हा केसांत सालीचे कपटे होते, ते मी माझ्या हाताने काढले, आणि तुला जेवायला वाढलं. पंचनाम्यातलं ते वाक्य, 'शिक्का आढळला नाही', ते असं घरच्या वाकसाने लिहिलं गेलं. मला त्याच दिवसापासून माहीत आहे.

म्हणून मी उतारावर जात नव्हते.

पण मग मी रोज एकच विचार करत बसले. एकाहत्तर खुंटांवरचे शिक्के तू तासलेस, एकही राहू दिला नाहीस. सत्तेचाळीस सोडलेस. घाईत राहिले म्हणावं तर दोन दिवस होते तुझ्याकडे. दिसले नाहीत म्हणावं तर तू त्या उतारावर वाढलास. काल मी पुन्हा वर गेले आणि सगळे सत्तेचाळीस फुटवे बाजूला करून पाहिले. एकालाही वाकस लागलेला नाही. साधा ओरखडासुद्धा नाही.

तू तपासणीच्या आधी गेलास तेव्हा तोडीला अकरा महिने झाले होते. त्यांना पालवी आली होती. तू पानं बाजूला केली असशील, आत हात घातला असशील. आणि तुझ्याच्याने झालं नाही. फुटवा आलेल्या बुडाला लोखंड लावायचं नाही, हे मामीने आपल्याला भाताबरोबर भरवलं होतं.

तूही जित्याला मेल्यात मोजलं नाहीस, गोकुळ. त्या अडाणी बायांनी जी चूक केली, तीच तू केलीस. आणि त्याच चुकीने आज मामाला वाचवता येतं. दुसऱ्या कुणी परक्या गार्डाने सगळं साफ तासलं असतं. हे समजलं तेव्हा मी त्या खुंटाला धरून बसले, जसं तुला धरून बसायची, ताप आला की.

आता काय करायचं ते ऐक. मी माझं ठरवलंय. कोर्टात सांगणार, की ती यादी माझ्या हातची आहे, आणि आडजात लिहिलं तेव्हा मला झाड माहीत होतं. अंगणवाडी जाईल. जाऊ दे. शाळेच्या भिंतीवरही मी ते लिहिणार आहे. त्या चौकोनात दुसऱ्यांच्या ट्रकचे नंबर लिहायचे आणि स्वतःचं लपवायचं, हे आता होत नाही माझ्याच्याने. हर्षालीला सांगितलं. तिने खडूची नवी पेटी काढून दिली.

पण तो अकरा दाखवणं माझ्या एकटीचं नाही. तुझी नोकरी जाईल, केस तुझ्यावर येईल. मामा घरात माझ्याशी बोलत नाही, कारण मी दाखवेन असं त्याला वाटतं. मामी बोलत नाही, कारण मी दाखवणार नाही असं तिला वाटतं. मामाचा दम वाढलाय, पायऱ्या चढताना ओठ निळे पडतात. काल मामीने त्याची सतरा तारखेची टोपी धुऊन वाळत घातली, आणि धोतरं दोन धुतली. एक तिथे राहायला लागलं तर, म्हणून.

पंधरा तारखेला सकाळी मी सुदर्शन वकिलांना घेऊन वर जाणार आहे. ही ओळ मी तीनदा खोडली आणि चौथ्यांदा लिहिली. जाणार आहे.

तू ये, असं म्हणत नाही. तू येणार नाहीस. चंद्रपूरहून निघशील आणि नारायणगावच्या स्टँडवरून परत फिरशील, मी तुला ओळखते. मी मागते ते त्याहून लहान आहे. या पाकिटात एक कार्ड आहे. त्यावर माझा पत्ता मी लिहिलाय, मागची बाजू कोरी आहे. त्यावर तीन शब्द लिही. 'दाखव तू, आक्का.' सहीही नको, तुझं अक्षर मला कळतं. ते कार्ड मी मामाला वाचून दाखवीन, म्हणजे तो त्या बुडावरून हात काढेल. तुझ्या हुकुमाशिवाय तो काढणार नाही, आणि मी त्याचा हात ओढून बाजूला करू शकत नाही.

तू लिहिणार नाहीस. पाकीट उघडशील, वाचशील, शीत लावून परत पाठवशील, हेही मला दिसतंय. कार्ड मात्र पाठवू नकोस कोरं. नावं मी विचारणार नाही, कारणं विचारणार नाही.

तू फक्त लिही, गोकुळ.

आक्का